मनिलाच्या मॉलमधलं भात-कालवण: स्वस्त फिलिपिनो जेवणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सात वर्षं मनिलाच्या माकाती भागात राहते. दावावला मेडिकलला मुलं पाठवलेले आईवडील, बोट बंदरात लागली म्हणून दोन दिवस मोकळे असलेले मर्चंट नेव्हीतले भाचे, ऑफिसच्या कामाने आलेले जुने सहकारी, सगळे मला तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते.

खरं फिलिपिनो जेवण मॉलमध्ये कसं मिळेल? ते तर गल्लीबोळात असणार ना?

हा आपला मुंबई-पुण्याचा चष्मा. आपल्याकडे मॉल म्हणजे पिझ्झा आणि पॉपकॉर्न, खरं जेवण खानावळीत. मनिलात मॉल हे गावच आहे. बिल भरणं, दात दाखवणं, पासपोर्टचं काम, रविवारची प्रार्थना, सगळं एकाच छताखाली चालतं. बऱ्याच मॉलमध्ये चॅपल असतं आणि तिथे रीतसर मिस्सा होतो. बाहेर उकाडा तरी असतो नाहीतर पाऊस. आत फुकटचा एसी. मग माणसं जेवायला कुठे जाणार?

एसएम हे नाव तुम्हाला जागोजागी दिसेल. हेन्री सी यांनी 1958 मध्ये मनिलात चपला-बुटांचं दुकान काढलं, त्याचं नाव शूमार्ट. त्याचंच पुढे एसएम झालं. त्यांचा पहिला मोठा मॉल, एसएम सिटी नॉर्थ एड्सा, 1985 मध्ये उघडला. आज त्याच मॉलांच्या तळघरात किंवा वरच्या मजल्यावर कारकून, नर्सा, कॉल सेंटरची पोरं आणि नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या एकाच रांगेत ताट घेऊन उभ्या असतात. गल्लीतली खानावळ, म्हणजे 'कारिंदेरिया', जास्त स्वस्त आणि कधीकधी जास्त चविष्ट असते हे मान्य. पण पहिल्याच दिवशी पोटाची परीक्षा नको असेल तर सुरुवात मॉलपासून करा.

फिलिपिनो ताट असतं तरी कसं?

हे एक कळलं की बाकीचं आपोआप सुटतं. 'कानिन' म्हणजे भात आणि 'उलाम' म्हणजे भाताबरोबरचं. पुस्तकांत उलामचा अर्थ 'मुख्य पदार्थ' असा देतात, तो मला पटत नाही. उलाम म्हणजे कालवण. भात कालवण्यासाठी जे काही असेल ते, मग मासा असो, चिकन असो की अंड्यातलं वांगं. इथे पोळी नाही आणि डाळ-भाजी-कोशिंबिरीचं चौरस ताटही नाही. एक उलाम, एक वाटी भाताची मूद, झालं जेवण.

तिसरी गोष्ट 'सावसावान', म्हणजे बुडवून खायचं. टेबलावर किंवा काउंटरच्या कोपऱ्यात सोया सॉस ('तोयो'), व्हिनेगर ('सुका'), माशाचं खारट पाणी ('पातिस'), बारीक लाल मिरच्या आणि कलामान्सी नावाची गोटीएवढी लिंबं ठेवलेली असतात. ज्याने त्याने आपल्या चवीचं मिश्रण करून घ्यायचं. नवखा माणूस इथे चुकतो. उलाम तसाच कोरडा खातो आणि "अळणी आहे हो" म्हणतो. अहो, मीठ-लिंबू तुमच्याच हातात दिलंय की.

साधारण किती पैसे लागतात?

एक पेसो म्हणजे ढोबळ दीड रुपया धरा. फास्ट फूडच्या दुकानात एकट्याचं जेवण शंभर ते दोनशे पेसोत होतं, फूड कोर्टात दीडशे ते अडीचशेत. बसून, वेटरकडून मागवून खायच्या जागी माणशी साडेतीनशे ते सहाशे. आकडे दरवर्षी वर सरकतात, तेव्हा अंदाजापुरते घ्या. फलकावरच्या किमतीत 12 टक्के व्हॅट बहुधा आधीच धरलेला असतो.

'तुरो-तुरो' काय प्रकार आहे? मागवायचं कसं?

'तुरो' म्हणजे बोट दाखवणं. काचेमागे दहा-बारा ट्रे मांडलेले असतात, तुम्ही बोट दाखवायचं आणि समोरची बाई वाढणार. भाषा येत नसलेल्या माणसासाठी याहून सोयीची पद्धत जगात नसेल. फूड कोर्टातले निम्मे गाळे याच पद्धतीचे. एक उलाम आणि भात, किंवा दोन उलाम आणि भात, असे दर लिहिलेले असतात. "साबाव पो" म्हटलंत तर बऱ्याच ठिकाणी वाटीभर गरम पाणीदार सूप फुकट मिळतं. 'पो' हा आदराचा प्रत्यय, वाक्याच्या शेवटी लावत राहा, बिघडत काही नाही.

वाढणाऱ्या मुलीला 'आते' म्हणायचं आणि मुलाला 'कुया'. म्हणजे ताई आणि दादा. वयाने तुमच्याहून लहान असली तरी आतेच, जशी आपण भाजीवालीला ताई म्हणतो. एक गंमत सांगते. इथली माणसं बोटाऐवजी ओठांनी दिशा दाखवतात. तुम्ही "भात कुठे?" विचारलंत आणि आतेने ओठांचा चंबू केला तर गैरसमज नको. भात त्या बाजूला आहे.

हे पदार्थ सकाळीच शिजवून ठेवलेले असतात आणि फिलिपिनो माणसाला ते वाफाळते असावेत असा आग्रह नसतो. आपल्याला कोमट रस्सा जड जातो. म्हणून साडेअकराला पोचा. ट्रे नुकते भरलेले असतात, रांग नसते. दोन वाजता गेलात तर तळाशी उरलेलं मिळेल.

पहिल्यांदा काय घ्यावं?

मासे-चिकन खाणाऱ्यांसाठी माझा क्रम ठरलेला आहे.

आधी सिनिगांग. चिंचेचं आंबट, पातळ, भरपूर भाज्या घातलेलं कालवण: मुळा, भेंडी, वांगं, चवळीच्या लांब शेंगा, कांगकोंग नावाची पालेभाजी, आणि घट्टपणासाठी अळकुड्या. कोळंबीचं किंवा माशाचं घ्या. मसाला नाही, फोडणी नाही, हळद नाही, नुसता आंबटपणा. माझे सासरे मालवणचे, आमसुलावर वाढलेले. त्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "फोडणी विसरलेत, बाकी ठीक."

मग लाइंग. बिकोल प्रांतातला हा पदार्थ म्हणजे वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात मिरची घालून आटवलेली. दिसायला काळपट हिरवा गोळा, फोटोत तर भयंकरच. आई इथे आली तेव्हा तिने एक घास खाल्ला आणि "अळूच आहे की हे" म्हणून ताट जवळ ओढलं. खाज येऊ नये म्हणून आपण चिंच नाहीतर आमसूल घालतो. बिकोलमध्ये सांगतात की शिजताना ढवळू नका, ढवळलंत की खाजतं. आईला ते पटलं नाही. फक्त लक्षात असू द्या, लाइंगमध्ये बहुधा सुकी मासळी, कोळंबीचा खारवलेला लगदा किंवा पोर्कचे तुकडे असतात.

तिसरी तिनोला. आलं घालून केलेलं चिकनचं निवळ सूप, त्यात कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला. शेवग्याला इथे 'मालुंगाय' म्हणतात आणि बाळंतिणीला आवर्जून देतात. ताप-सर्दीत मी हेच आणते.

आदोबो सगळ्यांना ठाऊक असतो: व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र, मिरी. चिकन आदोबो चुकायची शक्यता फार कमी. आणि 'बांगुस' हा मासा दिसला तर सोडू नका. दुधी रंगाचा, काटे भरपूर. काटे काढलेला 'बोनलेस' तळून देतात, सोबत लसणीचं व्हिनेगर.

कारे-कारेबद्दल लोक फार उत्सुक असतात, कारण नाव 'करी'सारखं. शेंगदाण्याच्या कुटाचा दाट रस्सा, त्यात केळफूल, वांगं, शेंगा आणि गाय-बैलाची शेपटी. 1762 ते 1764 या काळात मनिला ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, तेव्हा मद्रासहून आलेले काही शिपाई काइंता गावाजवळ राहून गेले आणि त्यांच्या करीतून हे आलं, अशी एक कथा सांगतात. शिपाई आले आणि काही राहिले हे खरं, पदार्थाची कथा मात्र कथा म्हणूनच ऐका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर याच्या वाटेला जाऊच नका.

मांग इनासालमध्ये भात खरंच हवा तेवढा मिळतो का?

मिळतो. मांग इनासाल ही भाजलेल्या चिकनच्या दुकानांची साखळी. तिथे 'अनली-राइस', म्हणजे हवा तेवढा भात, असं लिहिलेलं जेवण घ्यायचं, नुसतं चिकन नाही. भाताचं भांडं घेऊन पोरं टेबलांमधून फिरत असतात, हात वर केला की मूद पडते. अगदी आपल्या पंगतीतला वाढपी.

'मांग' हे वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी लावायचं आदराचं संबोधन, आणि 'इनासाल' म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं. चिकनला कलामान्सी, व्हिनेगर, आलं, गवती चहा लावून ठेवतात आणि भाजताना वरून केशरी रंगाचं आचुएते तेल फिरवतात. ही पद्धत इलोइलो-बाकोलोदकडची. एडगर सिया यांनी 2003 मध्ये इलोइलोत पहिलं दुकान काढलं आणि सात वर्षांनी जॉलिबी या इथल्या फास्ट फूड कंपनीने त्यातला 70 टक्के वाटा 3 अब्ज पेसोंना घेतला. टेबलावर त्या केशरी 'चिकन ऑइल'ची बाटली असते. ते भातावर घाला, वर कलामान्सी पिळा, थोडं सोया सॉस. वरण-भात-तुपाची भूक या देशात भागवायची झाली तर मला तरी दुसरा उपाय सापडलेला नाही.

2017 मध्ये सिनेटर सिंथिया व्हिलार यांनी मधुमेहाचं कारण देऊन अनली-राइस बंद करावा असं सुचवलं. देशभर इतका गदारोळ झाला की त्यांना खुलासा करावा लागला.

जॉलिबीची स्पगेटी गोड का लागते?

कारण ती मुलांच्या वाढदिवसाची स्पगेटी आहे. इथल्या घरगुती पद्धतीत सॉसमध्ये केळ्याचा केचप आणि साखर घालतात, वर लाल हॉटडॉगचे काप आणि चीज. केळ्याच्या केचपचं श्रेय मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंना दिलं जातं. टोमॅटो आयात करावे लागू नयेत म्हणून इथल्याच फळांतून काय काय करता येईल याचा ध्यास त्यांनी घेतला होता. 1945 च्या मनिलाच्या लढाईत त्या गेल्या.

मला ती स्पगेटी आवडत नाही. माझ्या मुलाला तीच लागते. जॉलिबीचं तळलेलं चिकन मात्र उत्तम, रश्शात बुडवून भाताबरोबर खायचं. टोनी तान काक्तियोंग यांनी 1975 मध्ये क्युबाओत आइस्क्रीमचं दुकान म्हणून हे सुरू केलं होतं.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

उपाशी नाही, पण वैतागाल. हा देश शाकाहाऱ्याला समजून घेत नाही, म्हणजे वाईट हेतूने नाही, त्यांना कल्पनाच येत नाही. 'गुलाय' म्हणजे भाजी, पण गुलाय मागितलं की त्यात चव यावी म्हणून पोर्क किंवा कोळंबी घातलेली असणारच. पिनाकबेत ही भोपळा, कारलं, भेंडी, वांग्यांची मिश्र भाजी बघून जीव सुखावतो. त्यात 'बागोओंग', म्हणजे खारवलेल्या मासळीचा नाहीतर कोळंबीचा लगदा असतो. मुगाचं 'मोंगो' अगदी आपल्या उसळीसारखं दिसतं, कॅथलिक लोकांचा मांस टाळायचा वार म्हणून शुक्रवारी हमखास मिळतं, आणि तरीही त्यात सुकी मासळी निघते. काही ठिकाणी तर वर तळलेली पोर्कची साल पसरलेली असते, शुक्रवार असूनसुद्धा.

नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. 'कार्ने' म्हणजे त्यांच्या मते पोर्क आणि बीफ, चिकन त्यात धरत नाहीत आणि मासा तर नाहीच नाही. एकेक नाव घ्या: वालांग कार्ने, वालांग मानोक, वालांग इस्दा, वालांग बागोओंग. 'वालांग' म्हणजे 'शिवाय'.

अंडं चालत असेल तर 'तोर्तांग तालोंग' घ्या. वांगं भाजून, सोलून, अंड्यात बुडवून तळतात, आपल्या भरताचं ऑम्लेटच. पण खिमा घातलेला प्रकारही असतो, विचारून घ्या. काही एसएम फूड कोर्टांत 'बोधी' नावाचा बौद्ध शाकाहारी गाळा असतो. तोफू आणि सोयाचे प्रकार, भात, दर माफक. आधी तो आहे का बघा. गोडात केळ्याची तळलेली 'तुरोन' आणि 'ताहो' चालतं. ताहो म्हणजे मऊसूत गरम तोफू, त्यावर गुळासारखा पाक आणि साबुदाणा. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांना माझा प्रामाणिक सल्ला: डबा आणा.

पोर्क किंवा बीफ खात नाही. कसं ओळखायचं?

चार शब्द पाठ करा. 'बाबोय' म्हणजे पोर्क, 'बाका' म्हणजे बीफ, 'मानोक' चिकन, 'इस्दा' मासा. "माय बाबोय पो बा?" म्हणजे "यात पोर्क आहे का?" आते प्रामाणिकपणे सांगते, फक्त प्रश्न विचारावा लागतो. सिसिग, लेचोन, क्रिस्पी पाता, लुंपियांग शांघाय हे बहुतेक वेळा पोर्कच. तापा, बुलालो आणि कारे-कारे बीफ. दिनुगुआन नावाचा काळा रस्सा दिसला तर तो डुकराच्या रक्ताचा. मला काही जणांनी "चॉकलेटचा आहे का?" असं विचारलंय, म्हणून लिहिलं.

काहीच तिखट नसतं का?

जवळपास नाही. बिकोल एक्सप्रेस तिखट, पण पोर्कचा. बाकी ठिकाणी बारीक मिरच्या मागून घ्या, 'सिली पो' म्हणा.

हाताने जेवलं तर चालतं का?

चालतं. 'कामायान' म्हणजे हाताने जेवणं, आणि इनासाल हातानेच खातात. अशा दुकानांत जेवायच्या जागेतच हात धुवायचं बेसिन असतं. एरवी इथे उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. काट्याने ढकलून चमच्यात भरायचं. सुरी नसते, चमच्याच्या कडेने कापतात.

हालो-हालो घ्यावं का? कुठलं?

घ्यावंच. 'हालो' म्हणजे ढवळणं. किसलेला बर्फ, आटवलेलं दूध, आणि खाली गोडातले राजमा, केळं, जेली, नारळाच्या मऊ गराचे तुकडे. वर जांभळ्या कंदाचा हलवा, अंड्याचं फ्लान आणि 'पिनिपिग'. पिनिपिग म्हणजे कोवळ्या चिकट भाताचे पोहे. आपल्या फालुद्याचा लांबचा भाऊ म्हणा, फक्त गुलाबाचा वास नाही. ढवळून मगच खायचं. वरचा थर खाऊन खाली बर्फ सोडणारे पाहुणे मी पाहिलेत.

चाउकिंग या फास्ट फूडच्या साखळीतलं स्वस्त आणि भरगच्च. पांपांगाकडच्या रॅझॉन्समध्ये उलट, केळं, माकापुनो नारळ, फ्लान आणि दूध, बस एवढंच, पण बर्फ पिठासारखा बारीक. मी रॅझॉन्सच्या बाजूची आहे आणि यावर घरात वाद आहे.

'बिबिंका' म्हणजे आपल्या गोव्याचीच बेबिंका का?

नावं जुळी, पदार्थ वेगळे. गोव्याची थरांची, अंड्याच्या बलकाची, नारळाच्या दुधाची. इथली तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावर भाजलेली, वर खारवलेलं अंडं आणि ओलं खोबरं. साम्य आहे ते भाजण्यात, दोन्हीकडे परंपरेने वरूनही विस्तव लागतो. डिसेंबरमध्ये मॉलच्या दारात गरम मिळते. शब्दांचं म्हणाल तर पपईच्या लोणच्याला इथे 'आचारा' म्हणतात, तो आपलाच अचार.

आम्हाला 'बुम्बाय' म्हणतात, ते अपमानास्पद आहे का?

बॉम्बेवरून आलेला शब्द, सगळ्याच भारतीयांना लावतात. दारोदार व्याजाने पैसे देणाऱ्या पंजाबी मंडळींमुळे त्याला एक वास चिकटला आहे, पण फूड कोर्टातली आते म्हणाली तर ती बहुधा सहज म्हणते. मोठ्या कांद्याला इथे 'सिबुयास बुम्बाय' म्हणतात. मी नाशिकची, मला यात तक्रारीसारखं काही दिसत नाही.

कधी जाऊ नये?

महिन्याची 15 आणि 30 तारीख. 'स्वेल्दो', म्हणजे पगार, महिन्यातून दोनदा होतो आणि त्या संध्याकाळी अख्खं शहर मॉलमध्ये असतं. त्याआधीच्या दिवसांना 'पेत्सा दे पेलिग्रो', धोक्याच्या तारखा, म्हणतात. तेव्हा खिसे रिकामे आणि खुर्च्याही रिकाम्या. रविवारी दुपारी गेलात तर एकाने आधी टेबल धरायचं, बाकीच्यांनी रांगेत जायचं.

टिप, सर्व्हिस चार्ज, ज्येष्ठांची सवलत?

फूड कोर्टात टिप नाही, पण ताट उचलून ठेवायची अपेक्षा असते. 'क्लेगो' लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ तोच. बसून खायच्या जागी 10 टक्क्यांपर्यंत सर्व्हिस चार्ज लागू शकतो. 2019 च्या कायद्यानुसार तो पूर्ण कर्मचाऱ्यांनाच द्यावा लागतो, त्यामुळे मी कुरकुरत नाही. साठीपुढच्यांना 20 टक्के सवलतीचा फलक बघून बाबांनी आधार कार्ड काढलं होतं. ती इथल्या नागरिकांसाठी आहे.

आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर?

मॅक्सेस, जेरीज ग्रिल, कुया जे, अशा ठिकाणी जा. ताटं मागवू नका, दोघांत एक पदार्थ या हिशेबाने मध्ये ठेवून वाटून घ्या. मॅक्सेसचं तळलेलं चिकन 1945 पासून चालू आहे, सुरुवातीचे खवय्ये अमेरिकन सैनिक. बिल मागताना हवेत बोटांनी चौकोन काढायचा, वेटरला कळतं.

मनिलाला येणं जमत नाही. दुबईत मिळेल का?

भरपूर. करामा आणि सतवा भागात फिलिपिनो खानावळी आहेत, जॉलिबी आणि चाउकिंगही आहेत. सुटीच्या दिवशी गर्दी असते.

उरलेलं बांधून देतात का?

आनंदाने. "पाबालोत पो" म्हणा. बदकाच्या गर्भासकट उकडलेल्या अंड्याला 'बालुत' म्हणतात, त्यामुळे नवे पाहुणे हे म्हणायला घाबरतात. मॉलमधली आते तुमच्या डब्यात अंडं घालणार नाही. फार तर विचारेल, भात पण बांधू का?